माया

शिंप्यांच्या भाषेत एक सुंदर शब्द आहे : माया. कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. मुलाचे अंग भरले, उंची वाढली, की शिवण उसवावयाची, आतली माया सोडावयाची, आणि तोच कपडा पुन्हा अंगाला बरोबर येतो. आमच्या लहानपणी मुलांचे कपडे शिवावयास टाकताना वडीलधारी माणसे शिंप्याला आवर्जून सांगत, "माया भरपूर ठेवा हो!" हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला होता, परंतु त्याचा पुरता अर्थ मला कळला तो साठी जवळ आल्यावर, आणि तोही एका चामड्याच्या जॅकेटामुळे.

त्याचे असे झाले. 2019 साली मी मुख्याध्यापकपदावरून सेवानिवृत्त झालो. माझ्या मुलीचा मुलगा त्या वेळी अकरा वर्षांचा होता. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' हा 1981 सालचा इंग्रजी चित्रपट पाहिला. त्यातील नायक इंडियाना जोन्स हा पुरातत्त्वाचा प्राध्यापक. डोक्यावर फेल्टची टोपी, हातात चाबूक आणि अंगात तपकिरी चामड्याचे जॅकेट, अशा वेषात तो गुहा आणि अरण्ये तुडवीत जातो. चित्रपट संपला, पण नातवाच्या मनातून ते जॅकेट काही केल्या जाईना.

"आजोबा, मला तसंच जॅकेट हवं," तो म्हणाला. "सकाळी सायकलने शाळेत जाताना किती गार वारा लागतो!"

नाशिकची थंडी मलाही ठाऊक होती. डिसेंबरात कित्येकदा पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. शिवाय नायक शिक्षक निघाल्यामुळे माझा निम्मा विरोध आधीच मावळला होता. उरलेला निम्मा मात्र टिकून होता, आणि त्याला कारण होते. आदल्याच वर्षी आम्ही त्याला एका दुकानातून असेच चकचकीत जॅकेट आणले होते. ते चामड्यासारखे दिसे. पण होते रेक्झिनचे. पहिल्याच हिवाळ्यात कोपरांवर त्याला भेगा पडल्या, मग पापुद्रे सुटू लागले, आणि शेवटी आतले पांढरे कापड उघडे पडले. तेव्हा मी ठरविले, की आता घ्यावयाचे तर खऱ्या चामड्याचे, अगदी टिकाऊ आणि पाच-सात वर्षे पुरेल एवढे मोठे!

डिसेंबरातील एका रविवारी आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरलो आणि लोकलने शीव स्थानकावर आलो. तेथून धारावी पायी जाण्याच्या अंतरावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तमिळनाडूतून आलेल्या चर्मकारांनी येथे कातडी कमावण्याचे कारखाने काढले. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील चर्मकार कुटुंबेही येथे येऊन वसली. कातडी कमावण्याचे काम आता येथे फारसे उरलेले नाही. चेन्नई, कानपूर, कोलकाता या ठिकाणांहून तयार चामडे येते. परंतु ते कापून शिवणारे कुशल हात अद्याप येथे आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, पट्टे, पाकिटे आणि जॅकेटे यांची दुकाने ओळीने उभी होती, आणि चामड्याचा तो उग्र पण ओळखीचा वास हवेत भरून राहिला होता.

एका छोट्या दुकानाच्या माळ्यावर एक पन्नाशीचे कारागीर शिवणयंत्रावर बसले होते. ते मूळचे फलटणकडचे. माझे बालपण शेजारच्या माण तालुक्यात गेले हे कळताच त्यांनी यंत्र थांबविले आणि चहा मागविला. मी शिक्षक होतो हे समजल्यावर तर ते मला 'गुरुजी' म्हणू लागले.

"हे बघ बाळ," त्यांनी नातवापुढे दोन तुकडे टाकले, "यातलं खरं कुठलं?"

दोन्ही तुकडे सारखेच दिसत होते. नातू गोंधळला. तेव्हा त्यांनी कापलेली कड त्याच्या डोळ्यांजवळ नेली. एका तुकड्याच्या कडेला कापडाचे विणकाम दिसत होते, ते रेक्झिन. दुसऱ्याच्या कडेला बारीक तंतूंचे दाट जाळे होते. त्यावर अंगठा दाबताच नाजूक सुरकुत्या उमटल्या आणि बोट काढताच विरून गेल्या.

"हे बकऱ्याचं. मेंढीचं याहून मऊ असतं, पण लवकर ओरखडतं, फाटतं. सायकलवर बसणाऱ्या पोराला हेच बरं. अंगाला हलकं आणि कामाला दणकट."

"पण कातडं कुजत कसं नाही?" नातवाने विचारले.

"कमावलेलं असतं म्हणून!" कारागीर हसले. "कच्चं कातडं चार दिवसांत वास मारायला लागतं. पूर्वी आमच्याकडे बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांच्या पाण्यात ते कितीतरी दिवस भिजत ठेवायचे. आता बहुतेक काम क्रोमच्या क्षारांनी लवकर होतं. पण कमावल्याशिवाय कातड्याचं चामडं होत नाही."

माझ्यातील मराठीचा शिक्षक एकदम जागा झाला. पैसा कमवावा लागतो, विद्या कमवावी लागते, पैलवानाचे शरीरही कमावलेलेच असते. आपल्या भाषेने या सर्वांना आणि चामड्याला एकच क्रियापद दिले, त्यात केवढा अर्थ भरला आहे! जन्मतः मिळते ते कातडे. कष्टाने टिकाऊ होते ते चामडे.

नातवाने चित्रपटातील नायकाचे छायाचित्र कारागिरांपुढे धरले. त्यांनी ते बारकाईने न्याहाळले. त्या जॅकेटाच्या पाठीवर खांद्यांशी दोन चुण्या होत्या आणि कमरेला दोन्ही बाजूंस लहान पट्टे होते. "ज्यानं कुणी हे बेतलं तो जाणता माणूस," ते म्हणाले. "चुण्यांमुळे हात मोकळे उचलता येतात, आणि पट्टे आवळले की जॅकेट अंगाशी बसतं." परंतु नातवाचे लक्ष दुसरीकडेच होते. छायाचित्रातील जॅकेट विटलेले, घासलेले, जुनाट दिसत होते. त्याला अगदी तसेच हवे होते.

"जुनेपणा शिवून मिळत नाही, बाळ," कारागीर म्हणाले. "जॅकेट मी देतो, जुनेपणा तू आण."

पुढे माझ्या वाचनात आले, की त्या चित्रपटाच्या वेशभूषाकार डेबोरा नॅडुलमन यांनी नवे जॅकेट तारेच्या ब्रशने घासून आणि चाकूने खरवडून जुने केले होते. पडद्यावरचा जुनेपणा असा थोड्या वेळात तयार होतो. खऱ्या जुनेपणाला मात्र खरीच वर्षे द्यावी लागतात.

आता माप घेण्याची वेळ आली. नातवाला जॅकेट आजच्या आज नायकासारखे घट्ट बसावयास हवे होते. मला ते पाच वर्षे पुरावयास हवे होते. या वयात मुलांची उंची वर्षाला सहा-सात सेंटीमीटर सहज वाढते. साडेचार हजार रुपये खर्चून घेतलेले जॅकेट दुसऱ्याच वर्षी आखूड झाले तर? मी म्हणालो, "चार मापे मोठे शिवा, बाह्या दुमडू." नातू हिरमुसला. "त्यात मी बुजगावण्यासारखा दिसेन!" तो पुटपुटला.

मी तोडगा सुचविला, "मग आजच्या मापाचे शिवा, पण शिवणीत माया भरपूर ठेवा."

कारागिरांनी मान हलविली. "गुरुजी, चामड्यात माया ठेवून उपयोग नाही. कापडाची शिवण उसवली तर सुईची भोकं बुजतात. चामड्याला सुई एकदा लागली की तिचं भोक जन्मभर राहतं. माया सोडायला गेलो तर भोकांची रांग बाहेर दिसेल, आणि तिथंच ते फाटेल."

मी गप्प झालो. 'बुजगावणे' या शब्दाने आणि 'माया' या शब्दाने मला एकदम 1972 सालच्या हिवाळ्यात नेऊन सोडले होते.

ते मोठ्या दुष्काळाचे वर्ष होते. मीही तेव्हा अकरा वर्षांचाच होतो. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि घरात खाणारी तोंडे सात होती. त्या हिवाळ्यात वडिलांनी माझ्यासाठी गावातील शिंप्याकडून एक लोकरी कोट शिवून आणला. तो इतका ढगळ होता, की बाह्यांतून माझी बोटेसुद्धा दिसत नसत. शाळेत मुले मला 'बुजगावणे, बुजगावणे' म्हणून चिडवू लागली. मी घरी येऊन तो कोट फेकून दिला आणि पंधरा दिवस थंडीत कुडकुडत शाळेत गेलो. वडील मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते स्वतः त्या वर्षी खांद्यावर घोंगडी घेऊन शाळेत जात. विचारले तर म्हणत, "कोटाने उकडते मला."

पुढच्या वर्षी तो कोट दंडांत तटतटू लागला. माया सोडविण्यासाठी मी तो शिंप्याकडे नेला. त्याने शिवण उसवली, आतली बाजू उलटून पाहिली आणि सहज म्हणाला, "कापड अजून मजबूत आहे. तुझ्या वडिलांनी चांगलं आठ वर्षं वापरलेलं, पण बघ!" मी चमकून पाहिले. कोटाच्या आतल्या बाजूला, छातीशी, शाईचा एक जुना डाग होता. वडिलांच्या खिशातील पेन तेथेच गळत असे. आपला एकुलता एक कोट उसवून, उलटवून त्यांनी माझ्यासाठी बेतावयास दिला होता. मी भिरकावून दिला होता तो हा कोट!

"गुरुजी, चहा निवतोय," कारागिरांच्या शब्दांनी मी भानावर आलो.

मी नातवाला जवळ बसविले आणि कोटाची ही हकीकत प्रथमच कोणाला तरी सांगितली. तो काही बोलला नाही; पण थोड्या वेळाने त्याने कारागिरांना विचारले, "काका, थोडं मोठं आणि तरी बरं दिसेल, असं होईल का?"

"होईल की! खांदा फार मोठा ठेवायचा नाही. खांदा उतरला की जॅकेट लोंबतं. बाही दोन बोटं लांब ठेवू, छातीला सैल ठेवू. पाठीच्या चुण्या जरा खोल घेऊ. पट्टे आज आवळ, मोठा होशील तसे सोड. तीन हिवाळे तुझे. नंतर काय करायचं ते तू ठरव."

पंधरा दिवसांनी जॅकेट घरी आले. त्या हिवाळ्यात नातवाने ते अभिमानाने वापरले. परंतु 2020 च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. सायकल ओसरीत उभी राहिली आणि जॅकेट कपाटात गेले. मौज अशी, की ज्या वाढीला पुरावे म्हणून आम्ही इतका विचार केला, ती वाढ घरात बसूनच झाली! पावसाळ्याअखेर कपाट उघडले, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या जॅकेटावर पांढरी बुरशी पसरलेली. नातवाचा चेहरा उतरला. त्याने कारागिरांना दूरध्वनी केला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे त्याने मास्क लावून बाहेर मोकळ्या हवेत बुरशी पुसून काढली, जॅकेट उन्हात न टाकता सावलीत वाळविले, मऊ फडक्याने क्रीम चोळले आणि रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती कापडाच्या आवरणात टांगून ठेवले. त्या दिवसापासून ते काम त्याने दुसऱ्या कोणालाही करू दिले नाही.

2023 च्या जानेवारीत बाह्या मनगटांच्या वर गेल्या. पट्टे तर केव्हाच पूर्ण सैल झाले होते. तोपर्यंत कोपरांवरचा रंग फिकट झाला होता, एका खिशाजवळ सायकलवरून पडल्याचा ओरखडा होता, आणि पाठ दप्तराच्या पट्ट्यांनी घासून गुळगुळीत झाली होती. कारागिरांनी सांगितलेला जुनेपणा आला होता. मात्र एकही शिवण उसवली नव्हती.

मला वाटले, नातू ते आठवण म्हणून जपून ठेवील. परंतु एका सकाळी त्याने ते आपल्या दहा वर्षांच्या मामेबहिणीच्या अंगात घातले, कमरेचे पट्टे आवळले आणि बाह्या एक एक घडी दुमडल्या. "पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये ठेवायचं नाही," तो तिला बजावीत होता, "आणि भिजलं तर उन्हात टाकायचं नाही."

"पण दादा, मला जरा मोठं होतंय," ती आरशात पाहत म्हणाली.

"होऊ दे," तो म्हणाला. "तू वाढशील."

चामड्याच्या शिवणीत माया ठेवता येत नाही, असे कारागीर म्हणाले होते, आणि ते खरेच होते. पण त्या दुमडलेल्या बाह्यांकडे पाहताना मला वडिलांच्या कोटावरचा शाईचा डाग आठवला, आणि माझ्या नातवाने ती नेमकी कोठे ठेवली, ते मला दिसले.