आठवीनंतरची चार वर्षे

विटा

चि. सोनूस,


शाळेच्या फाटकावर लागलेल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला आणि तुझा प्रश्न लगेच आला. दहावीत पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो खाली आणि आठवीच्या पोरांची रांग वर, असं का? तुझ्या आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या नावानं दरवर्षी दहावीच्या पहिल्या नंबराला बक्षीस द्यायचं तुझ्या मनात आहे, म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर निम्मं राहून जातं.

वरच्या रांगेतली मुलं एनएमएमएसमध्ये, म्हणजे ‘नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप’च्या परीक्षेत निवडली गेली आहेत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या हुशार मुलांसाठी केंद्र सरकारनं 2008 साली ही शिष्यवृत्ती सुरू केली. देशभरात दरवर्षी एक लाख मुलं निवडायची, आपल्या राज्याचा कोटा 11,682. आठवीत परीक्षा द्यायची आणि निवड झाली की नववी ते बारावी अशी चार वर्षं पैसे मिळायचे. सुरुवातीला महिन्याला 500 रुपये होते, 2017 पासून 1,000 झाले. म्हणजे वर्षाला बारा हजार आणि चार वर्षांत अठ्ठेचाळीस हजार. पैसे थेट मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यात येतात.

तुला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण ती नववीपासूनच का सुरू होते, ते बघ. शिक्षण हक्क कायद्यानं मोफत शिक्षणाची हमी दिली ती सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना, आठवीपर्यंत. त्यानंतर घरातली माणसं हिशोब करू लागतात. पोरगा हाताशी आलाय, चार पैसे मिळवील. पोरीला एसटीनं लांबच्या शाळेत कशाला धाडायचं? मुलगा किंवा मुलगी शाळेतून सुटते ती बहुतेक वेळा याच वळणावर, आणि परीक्षा आठवीत ठेवली आहे ती त्यासाठीच.

आपल्या भागात हे वळण फार जुनं आहे. विटा, खानापूर, आटपाडी, पलीकडं खटाव-माण, सगळा दुष्काळी पट्टा. पावसावर पोट भरेना म्हणून इथली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली. सराफाच्या दुकानातलं जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं, हे काम करत आपले गलाई बांधव केरळपासून आसामपर्यंत पोहोचले. त्या धंद्यानं गावात पक्की घरं आली, विहिरी आल्या, याचा मला अभिमान आहे. पण त्यासाठी पोरं लहानपणी शाळेतून उठली. ओळखीच्या माणसाबरोबर जायचं, दुकानातच झोपायचं, भट्टीपुढं बसून काम शिकायचं.

अण्णा सातवी पास झाले आणि त्रिशूरला गेले. तू त्यांना पाहिलंस ते पांढऱ्या धोतरातले, गावच्या यात्रेत मान असलेले. पण वर्गात त्यांचं गणित सगळ्यांत चांगलं होतं, हे त्यांच्याबरोबरचे लोक मला सांगत. सोन्याचा कस आणि घट ते तोंडी काढायचे. त्यांच्या गणिताला नववीचा वर्ग मिळाला नाही. तुझे बाबा आणि मी शिकलो ते अण्णांनी भट्टीपुढं काढलेल्या वर्षांच्या जिवावर, आणि तू आज डब्लिनला आहेस त्याचीही सुरुवात तिथंच झाली.

गरिबाचं पोर शाळेत टिकवणं हीच खरी कमाई, हे आपल्याकडं भाऊराव पाटलांनी फार आधी ओळखलं होतं. 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथं एका पंगतीत जेवायची. त्यांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. तिथं फीच्या जागी श्रम होते, मुलं काम करून शिकायची. पोर हुशार आहे की नाही हे त्याला शाळेत राहू दिल्यावरच कळतं, म्हणून भाऊरावांनी आधी जेवणाची आणि राहण्याची सोय केली.

आता त्या आठवीच्या मुलांनी काय केलं ते ऐक. दोन पेपर असतात, प्रत्येकी नव्वद प्रश्न, नव्वद मिनिटं. एक बौद्धिक क्षमता चाचणीचा: संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातल्या प्रतिमा, ठोकळे मोजणं. दुसरा शालेय विषयांचा: विज्ञान 35, समाजशास्त्र 35 आणि गणित 20 प्रश्न. परीक्षा मराठीतून देता येते. डिसेंबरच्या परीक्षेसाठी जूनपासून जादा तास चालतात, शाळा भरण्याआधी आणि कित्येकदा रविवारीही. ज्या घरात शिकवणीचा विचारही होऊ शकत नाही, तिथली मुलं या तासांना पहाटे उठून येतात. शिक्षकांना त्याचे जादा पैसे मिळत नाहीत. निकालानंतर मुलांची खाती उघडणं, आधार जोडणं, दरवर्षी ऑनलाइन अर्जाचं नूतनीकरण करणं, हे सगळंही शिक्षकच बघतात. एखाद्याचा अर्ज राहिला तर पैसे अडकतात, म्हणून ते पालकांच्या मागे लागून कागद गोळा करतात.

पैसे येत राहायचे तर मुलाला पुढंही अभ्यास सोडता येत नाही. दरवर्षी पास व्हावं लागतं, दहावीत साठ टक्के पाडावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी पंचावन्न. म्हणून आठवीच्या निवडीचं महत्त्व एका निकालापुरतं राहत नाही. फ्लेक्सवर खालच्या बाजूला जी दहावीतली पहिली मुलगी आहे, तीही दोन वर्षांपूर्वी याच वरच्या रांगेत होती. तिच्या घरी तिला शाळेतून काढायचं बोलणं सुरू झालं होतं. महिन्याला हजार रुपये तिच्या नावावर येतात म्हटल्यावर ते थांबलं. तिचं यश मोठंच आहे, आणि ते घडू शकलं ते या रांगेमुळं.

आता तुझ्या बक्षिसाबद्दल. निवड कोट्याप्रमाणं होते, त्यामुळं दोन्ही पेपरांत पात्र ठरूनही कितीतरी मुलं निवड यादीच्या बाहेर राहतात. त्यांतल्या मराठा आणि कुणबी मुलांना राज्य सरकारच्या ‘सारथी’ संस्थेकडून वर्षाला 9,600 रुपयांची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती मिळते. तरीही काही मुलं दोन्हीकडं बसत नाहीत. ती कष्टानं पास झालेली असतात, घरची परिस्थिती तीच असते आणि पुढं नववी उभी असते.

दहावीत पहिल्या येणाऱ्या मुलीला शाल, श्रीफळ आणि पाकिटं देणारे गावात पुष्कळ आहेत, आणि ती त्यांना पात्रही आहे. तुझे पैसे या मधल्या मुलांकडं जाऊ देत. एसटीचा पास, वह्या, विज्ञानाची पुस्तकं आणि परीक्षेची फी, एवढ्यात एका मुलाचं वर्ष निघतं. मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे. नावं ते आणि वर्गशिक्षक मिळून काढतील, पैसे शाळेच्या खात्यातून पावतीनं जातील. मात्र एकदा हात धरलास तर बारावीपर्यंत सोडू नकोस. एका वर्षाच्या बक्षिसानं मूल खुश होतं, चार वर्षांच्या आधारानं ते शिकतं.

अण्णांचं नाव द्यायचं असेल तर ते नववीत जाणाऱ्या मुलाच्या पाठीशी असावं, असं मला मनापासून वाटतं. तुझा होकार कळव, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताच कामाला लागता येईल.

प्रकृतीची काळजी घे. सूनबाईला आणि बाळाला आशीर्वाद.

तुझी,
आत्या