माथेरानला बिऱ्हाड करायचंय?

मैत्रिणींनो, मे महिन्यात चार दिवस माथेरानला राहून आलं, की घरोघरी एकच बोलणं निघतं, ‘निवृत्तीनंतर इथंच राहू या!’ आमच्याकडेही निघालं. सुमारे ८०० मीटर उंची, गार वारा, मोटारींचा धूर नाही. मग अडचण कसली?

अडचण जुलैत कळते, बरं का! म्हणून आम्ही आधी पावसाळ्यात पंधरा दिवस राहून पाहिलं. १९०७ साली सुरू झालेली नेरळची छोटी गाडी पावसाळ्यात अमन लॉजपर्यंत वर येत नाही. मोटार दस्तुरीला थांबते. तिथून बाजार अडीच-तीन किलोमीटर. बरंचसं वाणसामान घोड्याच्या पाठीवरून येतं, त्याची हमाली आपल्याच पिशवीतून जाते. धुकं घरात शिरतं, चादरी वाळत नाहीत, मसाल्याला बुरशी धरते. बेगमी मेअखेर झालीच पाहिजे.

एका रात्री यांना दम लागला. शेजारीण धावून आली. रुग्णवाहिकेला वर यायची मुभा आहे; पण घाट उतरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेवटी आम्ही पायथ्याशी, कर्जत तालुक्यातल्याच नेरळला घर घेतलं. दवाखाना जवळ, लोकल दाराशी, आणि मनात आलं की माथेरान वर आहेच. तुमची प्रकृती धडधाकट असेल तर खुशाल वर राहा. पण घर बघायला मात्र जुलैतच जा. आणि घर चालवायचंय तुम्हाला, तेव्हा शेवटचा शब्दही तुमचाच असू द्या!