किती ग्राफ्ट, एवढंच मी विचारलं

2019 साली मी चौतीस वर्षांचा होतो आणि समोरचं टक्कल लपत नव्हतं. केसरोपणासाठी पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये गेलो. किती ग्राफ्ट आणि किती पैसे, एवढंच विचारलं. काउन्सिलरने 2500 ग्राफ्टचं पॅकेज सांगितलं आणि कपाळावर पेनने रेघ ओढली. मी म्हटलं, अजून खाली घ्या. मला कॉलेजच्या फोटोतलं कपाळ हवं होतं. त्याने लगेच घेतली.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर भुलीची इंजेक्शनं देऊन गेले ते गेलेच. पुढचे सात तास दोन टेक्निशियननी काम केलं. डोक्याच्या मागून बारीक पंचने केसांची मुळं, म्हणजेच ग्राफ्ट, काढायची आणि पुढे लावायची. याला एफयूई म्हणतात. फारसं दुखलं नाही. महिन्याभरात लावलेले केस गळायला लागले तेव्हा मात्र झोप उडाली. ते गळतातच, मुळं आत राहतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

चौथ्या महिन्यापासून केस आले, वर्षभरात भरले. पण कपाळावर पट्टीने आखल्यासारखी ओळ दिसायची. केस जाड, झुपक्याझुपक्याने, ताठ उभे. माझा सलूनवाला मावळातला. केस कापता कापता हळूच म्हणाला, "सर, लावणी ओळीत केलीय का?" मी हसलो. त्यानंतर दीड वर्ष टोपीशिवाय बाहेर पडलो नाही.

शेवटी बायकोनेच एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंची अपॉइंटमेंट घेतली. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि समजावलं. एका ग्राफ्टमध्ये एकपासून चारपर्यंत केस असतात. कपाळाच्या अगदी कडेला एकेरी केसांचे ग्राफ्ट लावायचे, दोन-तीन केसांचे त्यामागे. माझ्या कडेलाच तीन-तीनचे होते. शिवाय ग्राफ्ट बसवायचा छेद ज्या कोनात दिला, त्याच कोनात केस उगवतो. तिथले केस मुळात पुढे झुकलेले असतात. माझे छेद सरळ खाली दिलेले.

दुरुस्ती दोन बैठकांत झाली. पुढचे जाड ग्राफ्ट काढून मागे लावले. रेघ जवळजवळ एक सेंटिमीटर वर गेली, तीही मुद्दाम वेडीवाकडी. कडेचे एकेरी केस मागून नव्याने घेतले. छेद बाईंनी स्वतः दिले. कपाळाचे दोन्ही कोपरे मी भरून मागितले, त्यांनी नकार दिला. मागचा साठा मर्यादित असतो, तिथून काढलेला केस पुन्हा येत नाही. "पन्नाशीतही हे कपाळ शोभायला हवं," म्हणाल्या. मूळचे केस गळतच राहतात, म्हणून मिनॉक्सिडिल हे औषध रोज लावतो.

आता कुणी विचारलं तर सांगतो, ग्राफ्टचा आकडा नंतर विचारा. छेद कोण देणार, कडेला एकेरी केस लावणार का, दहा वर्षांनी कसं दिसेल, हे आधी विचारा. ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित डॉक्टरनेच करावी, अशा सूचना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये काढल्या आहेत. डॉक्टर टाळाटाळ करत असतील तर उठून या.

जुने ग्राफ्ट काढले तिथे बारीक पांढरे ठिपके राहिलेत. उन्हात दिसतात. बायको म्हणते, दिसत नाहीत. मी अजून रोज आरशात बघतो.