स्वातीचें सोंग

भय निराळें आणि भयानक रस निराळा, हें आमचे साहित्यशास्त्रकार फार पूर्वीं सांगून गेले. अरण्यांत वाघ समोर आला म्हणजे आपण पळ काढतों. रंगभूमीवर राक्षस आला म्हणजे तिकिटाचे पैसे वसूल झाले असें समजून जागच्या जागीं खिळून बसतों. या भेदाचा रोकडा पडताळा नॉर्वेच्या 'ब्लॅक मेटल' संगीतांत मिळतो, असें म्हटलें तर वाचकांस नवल वाटेल. आम्ही बोलत आहों तें आर्क्टुरस नांवाच्या मेळ्यानें १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'ला मास्करेड इन्फर्नाल' या ध्वनिमुद्रिकेविषयीं. एका विद्यार्थ्यानें ती भीत भीत आमच्या हातीं ठेवली. भीति सैतानाची नव्हती, गुरुजींची होती.

या संगीताचा पूर्वेतिहास वगळून त्याची स्तुति करणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नॉर्वेंतील कांहीं विशीच्या आंतबाहेरच्या पोरांनीं ख्रिस्ती धर्माशीं वैर मांडलें. त्यांचें संगीत मुद्दाम ओबडधोबड असे: ड्रमांचा अखंड मारा, गिटारींचा एकसुरी झणत्कार, आणि गायनाच्या नांवाखालीं कंठ फाटेपर्यंत किंकाळी. डार्कथ्रोन या मेळ्यानें १९९४ सालची आपली ध्वनिमुद्रिका साध्या घरगुती यंत्रावर मुद्रित केली, आणि तिचा कळकटपणा हेंच तिचें भूषण ठरलें. प्रकरण एवढ्यावर थांबतें तर ज्याची त्याची रुचि म्हणून सोडून देतां आलें असतें. परंतु ६ जून १९९२ रोजीं बर्गेनजवळील फांटॉफ्टचें लांकडी चर्च जळालें. तें मूळचें बाराव्या शतकांतलें. १८८३ सालीं जुन्या गांवाहून उकलून तेथें आणून उभारलेलें. पाठोपाठ आणखी चर्चें पेटलीं, आणि या वर्तुळांतील कित्येक तरुण जाळपोळीबद्दल दोषी ठरले. ऑगस्ट १९९३ मध्यें मेहेम या मेळ्याचा गिटारवादक आपल्याच एका साथीदाराच्या हातून मारला गेला. येथें रस कोठला? येथें नुसतें भय, आणि शतकानुशतकें टिकलेल्या लांकडाची राख.

मेहेमचाच ड्रमवादक या ध्वनिमुद्रिकेंतही वाजवतो. म्हणजे मंडळी त्याच परिसरांतली. आणि खुनाला पुरतीं पांच वर्षें झालीं नाहींत तों ती मुखवटे चढवून नाटक मांडते, हें विलक्षण आहे. आर्क्टुरस हा तारा म्हणजे आपली स्वाती. स्वातीचा थेंब शिंपल्यांत पडला तर मोतीं होतो आणि सापाच्या मुखांत पडला तर विष, असें आपल्याकडे म्हणतात. ध्वनिमुद्रिकेचें नांव मात्र अर्धें फ्रेंच व अर्धें इंग्रजी आहे. त्याबद्दल आमच्यांतल्या परीक्षकानें अर्धा गुण कापला आहे.

आठ तुकडे, सारा कारभार पाऊण तासाचा. क्रिस्टोफर रिग हा मुख्य गायक येथें किंकाळ्या फोडीत नाहीं. त्याचा आवाज खर्जांतला, रुंद, किंचित् तोऱ्याचा. जुन्या नाटक मंडळींतला खलनायक दिव्यांच्या उजेडांत येऊन प्रेक्षकांवरून नजर फिरवतो, तसा. गिटारी आणि ड्रम आहेतच, पण त्यांच्यामधून व्हायोलिन आणि चेलो वाट काढतात, आणि स्टाइनार योन्सेनचे कीबोर्ड कधीं चर्चमधल्या ऑर्गनचा आव आणतात तर कधीं जत्रेंतल्या वाद्यांचा. 'द केऑस पाथ' हें गीत सिमेन हेस्टनेस गातो, आणि त्याचा चढा सूर ऐकतांना विदूषक हंसतो आहे कीं रडतो आहे हें शेवटपर्यंत कळत नाहीं. ज्या तुकड्याचें नांव सबंध ध्वनिमुद्रिकेला दिलें आहे तो मात्र आम्हांस नीरस वाटला. नेपथ्य बदलेपर्यंत पडद्यामागें कोणी तरी खुडबुड करावी, त्यांतला प्रकार.

गीतांवर फाउस्टच्या कथेची छाया आहे. मार्लोचें नाटक शिकविण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं, म्हणून असेल, पण या मेळ्याचा सैतान आम्हांस ओळखीचा वाटला. मार्लोचा मेफिस्टोफिलीस नरक कोठें दाखवीत नाहीं. तो स्वतःबरोबरच वागवतो. आणि म्हणूनच या मंडळींनीं एडगर ॲलन पो याची 'अलोन' ही कविता निवडली, यांत आम्हांस मोठें औचित्य दिसतें. पोनें ती १८२९ सालीं, विशींत लिहिली. छापली गेली १८७५ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनीं. इतरांहून निराळ्या दृष्टीचें एक एकाकी मूल, आणि बाकीचें आकाश निळें असतां त्याला एका ढगांत दिसलेला राक्षस, एवढाच तिचा विषय. चर्चला काडी लावणाऱ्या पोरांचें वयही पोच्या त्या वयाच्या आसपासचेंच होतें. त्यांनीं राक्षस बाहेर शोधला. या गीतांत तो पुन्हा ढगांत आणि ढग पाहणाऱ्या डोळ्यांत परत जातो.

आमच्या मुलामुलींनीं हें ऐकावें काय, असें पालक विचारतील. दारें लावून ऐकण्यापेक्षां दिवाणखान्यांत ऐकावें, आणि तुम्हीही शेजारीं बसावें. पहिल्या गीतानें दचकाल, म्हणून दुसऱ्यापासून, 'ॲड ॲस्ट्रा'पासून, प्रारंभ करा. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'ताऱ्यांकडे' असा आहे. व्हायोलिनचे सूर त्यांत नीट ऐकूं येतात. आवाज थोडा कमी ठेवावा, शेजाऱ्यांसाठीं. फांटॉफ्टचें चर्चही, ही ध्वनिमुद्रिका निघाली त्याच १९९७ सालीं, जुन्या नमुन्याबरहुकूम पुन्हा उभें राहिलें. कोणाला तिकडे जाण्याचा योग आला तर तेंही पाहून यावें.