भिंतीवरचं आकाश

१
पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर दिसतो, कारण पुण्याचा अक्षांशच तेवढा. हात ताठ पुढे करून मूठ वळली की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. उत्तरेच्या क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवत जायचं. दुसरी मूठ संपायच्या आत ध्रुव. बहुतेक गच्च्यांवरून तिथे समोरच्या सोसायटीचा सहावा मजला असतो.

२
ध्रुव हा सगळ्यांत तेजस्वी तारा, असं छातीठोकपणे सांगणारे पदवीधर भेटतात. तेजाच्या यादीत तो पहिल्या चाळिसातही नाही. अढळही नाही: खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा लांब राहून तो रोज एक छोटी फेरी मारतो. आजीच्या गोष्टीत दुरुस्ती सुचवायची गरज नाही.

३
फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य. तेजात साऱ्या आकाशात दुसरा, आणि पुण्यातून त्याची जास्तीत जास्त उंची जवळजवळ ध्रुवाइतकीच. लंडनहून तो कधीच दिसत नाही. बोट करून दाखवला तर लोक विचारतात, ‘विमान आहे का हो?’

४
पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत फिरते. घड्याळातली उरलेली चार मिनिटं सूर्याला गाठण्यात जातात. म्हणून प्रत्येक तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो. महिन्याला दोन तास.

५
‘मृग लागला’ म्हणजे ७-८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात गेला. सूर्य जिथे, तिथले तारे त्याच्याबरोबरच उगवतात आणि मावळतात. म्हणजे ज्या दिवसांत मृगाचं नाव घराघरांत असतं, नेमक्या त्याच दिवसांत मृग दिसत नाही. तो बघायचा डिसेंबर-जानेवारीत, रात्री, स्वेटर घालून. तेव्हा पेरणीचा विषय कुणी काढत नाही.

६
पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस चांगला. कोल्हा आला की बेताचाच. हवामान खात्याचा अंदाज चुकला की आठवडाभर विनोद फिरतात. म्हशीला कुणी जाब विचारत नाही.

७
पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१. त्या दिवशी मकर संक्रांत होती, असं भाषणांत हमखास ऐकू येतं. ‘संक्रांत कोसळली’ हे वाक्य आयतं हाताशी असल्यावर वक्त्याला ते सोडवत नाही.

आता दुसरी तारीख. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३, आणि त्या दिवशी संक्रांत होती. त्यांच्या चरित्रांत तशी नोंद असते. हल्ली ती १४ किंवा १५ ला येते. आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने, इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या हिशेबाने. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो म्हणून दोन्हींत फरक साठत जातो, साधारण ७२ वर्षांना एक दिवस. १८६३ ला १२ तारीख असेल, तर त्याआधी १०२ वर्षं ती १४ कशी असेल? हिशेबाने १० किंवा ११ येते.

म्हणजे संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच, वेढ्यात उलटून गेली होती. छावणीतलं धान्य संपलं होतं, तिळगूळ कुठला.

८
दिवस मोठा व्हायला लागतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. सतराशेएक वर्षांपूर्वी संक्रांतही त्याच दिवशी होती. ‘संक्रांतीपासून दिवस मोठा होतो’ हे तेव्हाचं वाक्य आपण अजून म्हणतो.

९
टिळक पंचांग मानणाऱ्यांची संक्रांत १० जानेवारीला. मेष राशीचा आरंभबिंदू कुठे धरायचा, एवढाच वाद. फरक चारेक अंशांचा. पण त्यापायी काही वर्षी अधिक महिना वेगळा पडतो आणि या घरांत गणपती महिनाभर आधी बसतात. मूर्तिकाराला लवकर सांगून ठेवावं लागतं. मुलांना मोदक दोनदा: घरचे, मग शेजारचे.

१०
हिवाळ्यात सूर्य लांब जातो, म्हणून थंडी. असं उत्तर चांगल्या शाळांतूनही मिळतं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, १४.७ कोटी किलोमीटरवर. सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटी. अंतराने ऋतू ठरत असते तर सिडनीत आणि साताऱ्यात उन्हाळा एकदमच आला असता.

११
सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो. पुण्या-मुंबईत एकदा मेच्या मध्याला, एकदा जुलैच्या अखेरीस. मेमध्ये गच्चीवर जाऊन बघण्यासारखं असतं. पाण्याच्या टाकीपाशी उभा असलेला पाइप, त्याची सावली आखडत आखडत बुंध्याशी येते. रेलिंगच्या उभ्या गजांची सावली गजांखालीच लपते. आडव्या दांडीची मात्र सरळ रेघ उमटलेली. मिनिटभर सगळं असं राहतं, मग सावल्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. तोवर चपलेतूनही चटके बसायला लागतात.

जुलैचा शून्य सावली दिवस ढगांच्या वर साजरा होतो.

१२
पुण्यात सूर्य डोक्यावर बाराला येत नाही, साडेबाराला येतो. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेली आहेत. मुंबईने मात्र १९५५ पर्यंत स्वतःची वेळ चालवली, भारतीय वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे.

१३
जयंत नारळीकर आणि अंधश्रद्धा निर्मूलनच्या कार्यकर्त्यांनी २००८ मध्ये एक चाचणी घेतली. २०० मुलांच्या कुंडल्या: निम्मी हुशार, निम्मी मतिमंद. कुठली कुणाची ते ज्योतिषांनी सांगायचं, प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४. एका संस्थेने सगळ्या २०० पाहिल्या; १०२ बरोबर.

नाणं फेकायला दक्षिणा लागत नाही.

१४
चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला सूर्यास्ताबरोबर, मग संकष्टीला सूर्यास्तानंतर अडीच-तीन तासांनी. बोटांवर निघणारा हिशेब. तरी ‘आज चंद्रोदय किती वाजता?’ हा प्रश्न दर संकष्टीला घराघरांत नव्याने पडतो, आणि उत्तर भिंतीवर शोधतात. पूर्वेच्या खिडकीकडे कुणी जात नाही.

१५
विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने इथे दुर्बीण लावून हेलियम शोधला, असं सांगतात. त्या तारखेला गडावर हेलियम दिवसही साजरा होतो.

लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. ग्रहण बघत होता फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, गुंटूरला. आणि जमखिंडीला, पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल, ढगांच्या फटींतून. ग्रहण नसतानाही सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट घेण्यात लॉकियरला यश आलं ते २० ऑक्टोबरला, लंडनमध्ये. विजयदुर्गला तो आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांनी हेलियम प्रयोगशाळेत मिळवून तीन वर्षं होत आली होती.

कट्टे खरे, साहेबही खरा. फक्त तीस वर्षं इकडची तिकडे.

१६
१८९८ च्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. पुण्यात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी वेधशाळा उभी केली, वीस इंची दुर्बीण आणली. १९१२ मध्ये ती दुर्बीण कोडाईकनालला गेली.