एक शिखर शिल्लक

ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर म्हणजे स्कॉटलंडातला बेन नेव्हिस. उंची १,३४५ मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. तेव्हा मी ग्लासगोतल्या एका डोंगर चालणाऱ्या क्लबाची सभासद झाले, हे नाशकात कळल्यावर आमच्या दादाने फोनवर जे काही हसून घेतले त्याला आकड्यांचा भक्कम आधार होता. "अगं, नवरात्रात नऊवारी नेसलेल्या आज्या कळसूबाई चढून येतात! तुमच्या त्या टेकाडांसाठी क्लब कशाला काढावा लागतो?"

दादाला तोंडी उत्तर देणे मी सोडून दिले आहे. त्याला एकदा ऑक्टोबरात हायलँड्समध्ये आणून उभा करायचा, एवढाच माझा बेत आहे. तिकडचे डोंगर जवळजवळ समुद्राच्या पातळीपासून उठतात आणि शंभर-दोनशे मीटर चढले की झाड म्हणून दिसत नाही. अटलांटिकवरून निघालेल्या वाऱ्याला वाटेत अडवणारे कोणी नाही. तो थेट आपल्याला येऊन भेटतो. सकाळी ऊन, दहाला पाऊस, अकराला गारा आणि दुपारी पुन्हा 'मी नाही त्यातली' असे निळे आकाश, हा साधा दिवस. शिवाय वर पाट्या नाहीत, कठडे नाहीत, चहाची टपरी तर नाहीच. ग्लेन कोचा डोंगराळ मुलूख नॅशनल ट्रस्टकडे यावा म्हणून पर्सी उन्ना नावाच्या एका गिर्यारोहकाने मोठी खटपट केली. त्याने १९३७ साली अशी अपेक्षा लिहून ठेवली, की डोंगर चढायला सोपे व्हावेत म्हणून काहीही करू नये. वाचताना हा माणूस मला तिरसट वाटला होता. पण पाटी नसली की माणसे एकमेकांकडे बघतात, नकाशाकडे बघतात आणि ढगांकडे बघतात, हे मात्र खरे.

आमच्या क्लबाची शरद ऋतूतली सहल दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी असते. तोपर्यंत मिज नावाची चावरी चिलटे थंडीने गेलेली असतात. उतारावरचे नेचे गंजलेल्या लोखंडासारखे तांबडे होतात, बर्चची पाने पिवळी पडतात आणि रात्री डोंगरातून हरणांचे नर डुरकताना ऐकू येतात. पहिल्या वर्षी तो आवाज ऐकून मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतले होते. आता तो ऐकू आला नाही तर चुकल्यासारखे वाटते.

२०१९ साली मात्र मोठीच पंचाईत झाली. सहलीचा रविवार २७ ऑक्टोबर, आणि त्याच दिवशी नरकचतुर्दशी नि लक्ष्मीपूजन एकदम! "ह्या वर्षी तू जाणार नाहीस ना?" असे आमच्या ह्यांनी विचारले. विचारण्याचा सूर असा, की उत्तर आधीच ठरलेले आहे. एरवी मी थांबले असते. पण त्या वर्षीची सहल काकांची होती.

आता काका कोण, ते सांगायला हवे. ते गोरे, उंच, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, क्लाइडकाठच्या गोदीत जहाजे बांधण्यात उमेदीची वर्षे गेलेली. तिकडे ऐंशीच्या माणसालाही पोरेटोरे नावाने हाक मारतात. माझी जीभ काही वळेना. मी त्यांना आधी मनातल्या मनात 'काका' म्हणू लागले, मग उघड म्हणू लागले. अर्थ कळल्यावर त्यांना तो इतका आवडला, की हळूहळू साऱ्या क्लबाचेच ते काका झाले. त्यांचे वडीलही गोदीतलेच. १९३० नंतरच्या मंदीत काम गेले तेव्हा त्यांच्यासारखे बेकार तरुण शनिवारी शहर सोडून चालत सुटायचे, क्रेगॅलियन तळ्याकाठी शेकोटी पेटवून बसायचे आणि तिथून उत्तरेकडच्या डोंगरांची वाट धरायचे. डोंगर चढणे हा तोवर बहुतांशी खिशात पैसे असलेल्यांचा छंद होता. तो ह्या रिकाम्या खिशाच्या पोरांनी आपलासा केला. काकांना हा वारसा घरातूनच मिळालेला.

तीन हजार फुटांहून उंच असलेल्या स्कॉटिश शिखरांना 'मन्रो' म्हणतात. सर ह्यू मन्रो ह्या गृहस्थांनी १८९१ साली त्यांची यादी छापली, म्हणून हे नाव. आजमितीला ती शिखरे २८२ आहेत. सगळी चढून यादी पुरी करायची हे वेड तिकडे बऱ्याच जणांना असते. आपल्याकडे अष्टविनायक करतात तसे समजा, फक्त देव २८२ आणि देऊळ एकाही ठिकाणी नाही. गंमत म्हणजे ही यादी मधूनमधून बदलते. काकांनी साठीच्या दशकात बुअखल एटिव्ह मोर हा ग्लेन कोच्या तोंडाशी उभा असलेला देखणा डोंगर चढून त्याच्यापुढे खूण केली होती. १९९७ साली यादी सुधारली गेली आणि त्याच डोंगराच्या लांबलचक धारेच्या दुसऱ्या टोकाचे स्टॉब ना ब्रॉइग हे ९५६ मीटरचे शिखर मन्रो म्हणून नव्याने दाखल झाले. म्हणजे ज्या डोंगराचा हिशेब तीस वर्षांपूर्वी मिटला होता तो पुन्हा उघडला! "कारकुनाने चूक करावी आणि चढायचे मी," असे काका म्हणायचे. चिडून त्यांनी ते शिखर मागे ठेवले, मागे ठेवता ठेवता ते शेवटचेच उरले. दोनशे एक्याऐंशी झाली होती. हे एक शिल्लक होते.

शेवटच्या शिखरावर मित्रमंडळींनी बरोबर जायचे आणि माथ्यावर बाटली उघडायची, ही तिकडची रीत. आम्ही अकरा जण निघालो. बाटली एका शाळामास्तरांच्या पिशवीत होती. माझ्या पिशवीत शंकरपाळ्यांचा डबा होता. (चकल्या नेऊन पाहिल्या आहेत, वर पोचेपर्यंत त्यांची भाजणी होते.) शंकरपाळा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा काका म्हणाले होते, "हे तर आमचंच!" पीठ, साखर आणि लोणी हा त्यांच्या शॉर्टब्रेडचाही सगळा मसाला असल्यामुळे मी फारसा वाद घातला नाही.

पुढारीण होती एक चौतीस वर्षांची परिचारिका. सहल नेण्याची तिची ही पहिलीच वेळ. शुक्रवारी रात्री क्लबांसाठी असलेल्या त्या साध्या दगडी घरात, चुलीपाशी नकाशा पसरून तिने हिशेब मांडला. नेस्मिथ नावाच्या गृहस्थांनी १८९२ साली घालून दिलेला ठोकताळा तिकडे अजून चालतो: तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. त्यात तिने काकांचे गुडघे मिळवले, अकरा माणसांचे फोटो काढणे मिळवले आणि मग मावळतीपासून उलटे मोजत आली. शनिवारी सूर्य पावणेसहाच्या सुमारास बुडणार होता. त्याच्या दोन तास आधी आम्ही रस्त्याला लागलेले असायला हवे होते. मला ह्या उलट्या हिशेबाचे फार कौतुक वाटते. आपण 'किती वाजता पोचणार' ते विचारतो. ही माणसे आधी 'किती वाजता परतणार' ते ठरवतात आणि उरलेल्या वेळात डोंगर बसवतात.

शनिवारी उजाडता उजाडता निघालो. लारिग गार्टन ही दोन डोंगरांमधली लांब दरी. तिच्यातून तासभर चालायचे, मग कूपल नदी ओलांडून उजेडाच्या बाजूला उभ्या घळीतून वर धारेवरच्या खिंडीत जायचे. नदी म्हणजे त्या दिवशी सकाळी एक ओढाच होता. दगडांवरून पावले टाकत, घोटेसुद्धा न भिजवता आम्ही पलीकडे गेलो. परतायची वाटही तीच, हे एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

घळीत निम्म्यावर असताना पाऊस सुरू झाला. खिंडीत पोचलो तेव्हा पावसाच्या जागी गारा होत्या आणि वारा असा, की बोलायला तोंड उघडले तर त्यात वाराच भरे. बारा वाजून गेले होते. स्टॉब ना ब्रॉइग तिथून फार तर पाऊण तास, धारेधारेने, आणि वाट तशी अवघड नाही. घड्याळ आमच्या बाजूने होते. पुढारीण मात्र पुढे न बघता मागे, खाली दरीत बघत होती. ढग क्षणभर फाटला की तळाची नदी दिसे. सकाळी ती काळी होती. आता तिच्यात पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या.

तिने काय ठरवले होते ते तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसत होते. पण ते बोलायचे कसे? समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, साठ वर्षांची पायपीट आणि पाऊण तासाची वाट. दहा जण आपापल्या बुटांकडे बघत उभे राहिलो. तेवढ्यात काकांनी पाठीवरची पिशवी सरळ केली आणि ओरडून म्हणाले, "मला चहा हवा आहे, आणि तो खाली आहे!" आणि वळून उतरायला लागलेसुद्धा.

मी सिंहगडाच्या गोष्टीवर वाढलेली. तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापले आणि पळणाऱ्या मावळ्यांना परत फिरवले, हे ऐकताना लहानपणी दर वेळी अंगावर काटा आला आहे. अर्ध्यातून परतणे म्हणजे नामुष्की, हे आपल्याला दुधाबरोबरच पाजतात. मग ती परीक्षा असो, नोकरी असो की मोडत आलेला संसार असो. लढाईत ते ठीकच असेल. पण त्या खिंडीत गारा खात उतरताना माझ्या मनात आले, की सुटीच्या दिवशी हौसेने डोंगर चढणाऱ्यांनी दोर शाबूत ठेवलेले बरे. काकांनी शिखर सोडले ह्यापेक्षा, एका तरुण मुलीवर ते सोडायला लावण्याची पाळी येऊ दिली नाही, ह्याचे मला अधिक वाटले.

नदीपाशी आलो. सकाळचे दगड नाहीसे झाले होते. पाणी गुडघ्याच्या वर आणि तपकिरी. पुढारिणीचा आवाज आता मोकळा झाला होता. जरा वर, पात्र पसरट होते तिथे तिने नेले; पाठपिशव्यांचे पट्टे सोडायला लावले, म्हणजे पडलो तर ओझे टाकता यावे; आणि तिघातिघांनी एकमेकांचे खांदे धरून, प्रवाहाकडे तोंड करून, एका वेळी एकानेच पाय उचलायचा. बूट काढायचे नाहीत. काकांच्या एका बाजूला शाळामास्तर, दुसऱ्या बाजूला मी. पाणी इतके गार होते की ते गार आहे हेही थोड्या वेळाने कळेनासे झाले. मध्यावर काकांचा पाय घसरला. त्यांचे सगळे वजन माझ्या खांद्यावर आले आणि पुन्हा गेले. पलीकडे पोचल्यावर ते माझ्याशी काही बोलले नाहीत, फक्त शंकरपाळ्यांचा डबा मागितला. आम्ही वीस मिनिटे तिथे कपडे पिळत होतो. तेवढ्यात आम्ही उतरलो त्या जागेचे पाणी आणखी चढले. तिथे आता कोणी पाय टाकला नसता.

त्या रात्री तिकडची घड्याळे एक तास मागे गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती तशी जातातच. पण नरकचतुर्दशीला पहाटे उठणाऱ्या बाईला एक तास फुकट मिळावा, ही तर सोयच झाली. मी अंधारात किटलीभर पाणी तापवले, तेल-उटणे लावून मोरीवजा जागेत दोन तांब्यांत अभ्यंगस्नान उरकले आणि चार पणत्या बाहेरच्या दगडी कठड्यावर लावल्या. वारा पूर्ण पडला होता. ज्योत हलत नव्हती.

काका चहाचे दोन पेले घेऊन बाहेर आले. पणत्यांकडे बघून म्हणाले, "ह्या कोणासाठी?"

मी नरकासुराची गोष्ट जमेल तशी इंग्रजीत सांगितली. तोवर समोर उजाडत आले. रात्री वर बर्फ पडले होते. आकाश स्वच्छ, आणि बुअखलची ती सगळी धार टोकापासून टोकापर्यंत गुलाबी होत चाललेली. काल जे सोडून आलो ते एवढे जवळ आणि एवढे सोपे दिसत होते, की मला रागच आला. पुढारीण बाहेर आली, तिने ते पाहिले आणि न राहवून म्हणाली, "काका, आज जाता येईल. नदीही उतरेल. मी बरोबर येते."

काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "काल खर्च केलेले पाय आज परत मिळत नाहीत, पोरी. तुम्ही जा. मी ह्या बाईंबरोबर खालच्या वाटेने फिरून येतो." आणि थोड्या वेळाने, चहा संपवता संपवता, "सर ह्यू स्वतः १९१९ मध्ये वारले ना, तेव्हा त्यांच्या यादीतलीही काही राहिलीच होती. यादी त्यांचीच, तरी."

हे ते हसत म्हणाले. पण पेला धरलेला हात स्थिर नव्हता, आणि तो थंडीने नव्हता.

पुढच्या ऑक्टोबरात साथीमुळे कुठलीच सहल निघाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी काकांच्या गुडघ्याने दगा दिला. आता ते मुलीकडे असतात. त्यांच्या खोलीत भिंतीवर ती यादी आहे, तिच्यावर दोनशे एक्याऐंशी खुणा आहेत. बाटली न उघडता क्लबाच्या कपाटात ठेवलेली आहे; ती उघडण्याची गोष्ट कोणी काढत नाही.

२०२३ च्या शरदात आमची सहल पुन्हा ग्लेन कोला गेली आणि मी स्टॉब ना ब्रॉइगवर जाऊन आले. वर वाऱ्याची झुळूकही नव्हती. खाली लॉख एटिव्ह डोंगरांतून वळणे घेत दूरवर गेलेले दिसत होते. रात्री काकांना फोन केला आणि हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"आणि नदीला पाणी किती होतं?" त्यांनी विचारले.

"घोट्याइतकं," मी म्हटले.

"छान," काका म्हणाले, आणि ह्या वर्षीचे शंकरपाळे कधी येणार ते विचारले.