चोर्ल्याची वाट आणि पायांतले बूट

बेळगावच्या पठारावरून गोव्यात उतरावयास वाटा पुष्कळ आहेत. लोंढ्याकडून अनमोडचा घाट आहे, सावंतवाडीच्या अंगाने आंबोली आहे. परंतु पायी जावयाचे तर आम्हांस चोर्ल्याची वाट अधिक आवडते. किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी, डिचोली अशी एकेक गावे मागे टाकीत जुन्या गोव्यास पोहोचेपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरांची चाल होते. २०२४ साली २१ नोव्हेंबरपासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन भाविकांस खुले होते. त्या निमित्ताने आम्ही वीस-बावीस मंडळी या वाटेने चार दिवसांत चालत गेलो.

त्या यात्रेचा साद्यंत वृत्तान्त देण्याचा आमचा विचार नाही. आम्हांस लिहावयाचे आहे ते पायांविषयी, अर्थात पायांत घालावयाच्या बुटांविषयी. अशा यात्रेची तयारी चालू झाली म्हणजे तांदूळ किती घ्यावयाचा, सामानास टेम्पो कोणाचा, रात्रीचा मुक्काम कोठे, याचा खल दोन-दोन सभा चालतो. कोणाच्या पायांत काय आहे, हे क्वचितच कोणी विचारते. आणि वाट अर्ध्यावर सोडावी लागते ती उपासमारीने नव्हे, तर टाचेवर आलेल्या रुपयाएवढ्या फोडाने.

पहिला दिवस सपाटीचा. पिरनवाडी मागे पडली की दोहो बाजूंस भाताची कापलेली शेते लागतात, मधूनमधून काजूच्या बागा दिसतात, आणि रस्ता हळूहळू झाडीत शिरतो. डांबरी सडक पाहून मनुष्यास वाटते की, हिच्यावर चालणे ते काय अवघड! वास्तविक पायांची खरी परीक्षा येथेच होते. पायवाटेवर प्रत्येक पाऊल निराळे पडते. कधी चवड्यावर, कधी कडेवर. डांबरावर मात्र प्रत्येक पाऊल एकाच तऱ्हेने पडते आणि कातडी एकाच जागी घासली जाते. पंचवीस किलोमीटर चालावयाचे म्हणजे पस्तीस हजारांच्या आसपास पावले टाकावयाची. बुटाच्या आत एखादी शिवण जराशी बोचत असेल, तर ती पस्तीस हजार वेळा बोचणार.

आमच्यातील एका तरुणाने या यात्रेसाठी जाडजूड कातड्याचे, घोट्याच्या वर जाणारे नवे बूट विकत घेतले होते. बूट दिसावयास मोठे ऐटदार. परंतु जांबोटीच्या अलीकडेच गडी लंगडू लागला. बूट वाईट नव्हते. ते या रस्त्याचे नव्हते, आणि त्या पायाचे तर अद्याप झालेच नव्हते. पायास बांधलेले ओझे पाठीवरील तेवढ्याच ओझ्याच्या चार ते सहा पट श्रम घेते, असे लष्करी संशोधकांनी १९६९ साली प्रयोगांवरून दाखविले आहे. सामान टेम्पोत आणि चाल सडकेने, अशी यात्रा असेल तर हलका, घोट्याखाली राहणारा, जाड परंतु मऊ तळाचा बूटच बरा. उंच बूट हवा तो पाठीवर मोठे ओझे घेऊन दगडधोंड्यांच्या वाटेने जाणारास. खडे आत शिरत नाहीत आणि घोट्यास आधार मिळतो, हे त्याचे गुण. सडकेवर त्यांचा उपयोग थोडा.

त्या तरुणाची आई, जिला आम्ही सर्व मावशी म्हणतो, तीही आमच्याबरोबर होती. तिच्या पायांत प्लास्टिकच्या चपला होत्या. तळ झिजून पापडासारखा झालेला. आमच्या घराघरांतून असेच चालते. मुलास शाळेचे बूट, मुलीस सणाचे सँडल, बाप्यास बाजारास जावयाचे पायताण, आणि आईचे मात्र “माझं काय, मी कशीही चालेन!” मावशी शेतात अनवाणी राबणारी बाई, चालण्यास ती डरत नव्हती. दुसऱ्या दिवशी कणकुंबीस पोहोचली तेव्हा चपलेच्या पट्ट्याने तिच्या दोन बोटांच्या बेचक्यातील कातडी सोलून निघाली होती. पुढचा सर्व घाट तिने टेम्पोत बसून उतरला. फोडांपेक्षा त्याचेच दुःख तिला अधिक झाले, हे आम्ही सर्वांनी पाहिले.

कणकुंबी हे गाव थांबून पाहण्यासारखे आहे. येथेच मलप्रभा नदीचा उगम आहे. समुद्र येथून पश्चिमेस फारसा दूर नाही; तरी ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस जाते, कूडलसंगमास कृष्णेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागराची वाट धरते. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर. पहाटे धुके इतके दाट असते की, पुढच्या माणसाची नुसती शिट्टी ऐकावयाची आणि मागे चालावयाचे. पुढे चोर्ल्याच्या आसपास कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा ही तिन्ही राज्ये एकमेकांस भिडतात. वरच्या सड्यावर जांभा दगड पसरलेला. त्याच्या बारीक गोल खड्यांवरून चालणे म्हणजे जोंधळ्याच्या राशीवरून चालण्यासारखे आहे. सडकेच्या कडेस हेच खडे वाहून येतात आणि गुळगुळीत तळाचा बूट त्यांवरून बेसावधपणे सरकतो.

यापुढे घाट. आठशे मीटरांची उंची सोडून मनुष्य जवळजवळ समुद्रसपाटीस येतो. वळणावळणांनी खाली जाताना अंजुणे धरणाचे निळे पाणी अचानक दिसते, तेव्हा पाय आपोआप थबकतात. चढणीपेक्षा उतरण सोपी, असे ज्यांस वाटते त्यांनी हा घाट एकदा उतरून पाहावा. प्रत्येक पावलास पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटे टोकावर आदळतात. संध्याकाळपर्यंत अंगठ्याची नखे काळीनिळी. हे टाळण्याची युक्ती साधी आहे. उतरणीस लागण्यापूर्वी बसून बुटाच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट आवळाव्या, म्हणजे टाच मागे पकडली जाते. बोटांवर मात्र त्या सैल ठेवाव्या. अर्थात बुटात बोटांपुढे मुळातच जागा नसेल, तर नाड्या बिचाऱ्या काय करणार!

बुटाच्या तळाचा विचार निघाला आहे तर एक हकीकत सांगण्यासारखी आहे. पूर्वी डोंगर चढणारे लोक तळास लोखंडी खिळे ठोकलेले बूट वापरीत. बेळगावच्या छावणीतील जुन्या शिपायांच्या बुटांचे खिळे फरशीवर कसे वाजत, हे म्हाताऱ्या मंडळींस आठवत असेल. १९३५ साली इटलीतील आल्प्स पर्वतात मिलान शहरच्या विताले ब्रामानी नामक गिर्यारोहकाचे सहा सोबती वादळात सापडून मरण पावले. कातळ चढण्यासाठी घातलेले पातळ जोडे बर्फात निरुपयोगी ठरले, हे त्या अपघाताचे एक कारण मानले गेले. ब्रामानी यांनी तो घाव मनात धरून १९३७ साली रबराचा, खोल खाचांचा तळ तयार केला. त्यांच्या नावाची आद्याक्षरे जुळवून त्यास ‘विब्राम’ असे नाव मिळाले. १९५४ साली इटालियन तुकडीने के-टू हे शिखर प्रथम सर केले, तेव्हा तिच्या पायांत हेच तळ होते. आज बाजारात दिसणारे खाचांचे बहुतेक तळ त्या एका कल्पनेचे वंशज होत.

परंतु खाचा म्हणजे सर्व काही नव्हे. ओल्या कातळावर धरून ठेवते ते रबराचे मऊपण. नखाने दाबून जो तळ किंचित दबतो तो पकडतो चांगला, मात्र झिजतो लवकर. दगडासारखा टणक तळ वर्षानुवर्षे टिकतो आणि पहिल्याच ओढ्यात पाडतो. शेवाळावर तर कोणत्याच तळाने मिजास करू नये. पावसाळ्यात पाणी न शिरणाऱ्या महागड्या बुटांचा पुष्कळ बोलबाला होतो. आमचे मत त्यांस अनुकूल नाही. सह्याद्रीचा पाऊस बुटाच्या तोंडातूनच आत उतरतो, आणि एकदा शिरलेले पाणी त्या बुटातून बाहेर पडत नाही. जाळीदार कापडाचा बूट भिजतो खरा, पण पाणी सोडून देतो. आपल्याच जिल्ह्यात अथणीस होणाऱ्या कोल्हापुरी वहाणा उन्हाळ्यात उत्तम. पाण्यात त्यांचे कातडे फुगते आणि तळ निसरडा होतो.

घाटाखाली केरी आणि पुढे वाळवंटी नदीकाठची साखळी. गोव्याची दमट हवा येथे अंगास चिकटते. घामाने ओले सुती मोजे फोडांस आमंत्रण देतात. लोकरीचे किंवा घाम न धरणाऱ्या धाग्याचे मोजे बरे, आणि आत एक पातळ जोड घातला तर घर्षण मोज्यामोज्यांत होते, कातडीवर होत नाही. कातडी कोठे गरम लागू लागली की त्याच क्षणी थांबून तेथे चिकटपट्टी लावावी. पुढच्या झाडाखाली पाहू असे म्हणणारा पुढच्या झाडापर्यंत फोड घेऊन जातो.

आमच्या मेळ्यात काहींचा अनवाणी चालण्याचा नवस होता. संत झेवियर स्वतः १५५०-५१ च्या हिवाळ्यात जपानात काही वाट जहाजाने आणि काही बर्फातून पायी तुडवीत क्योतोस गेले होते, हे ध्यानी घेता असा नवस कोणास सुचावा यात नवल नाही. ज्यांचे तळपाय बाराही महिने मातीत घट्ट झाले आहेत त्यांनी तो जरूर पाळावा. परंतु मधुमेह असलेल्या माणसाने अनवाणी चालू नये, असे आम्ही निक्षून सांगतो. अशा पायांची संवेदना पुष्कळदा कमी झालेली असते. खडा रुतला, फोड आला, तरी कळत नाही, आणि ती जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांस पाय दाखवावे आणि प्रत्येक मुक्कामी तळपाय उजेडात नीट पाहून घ्यावे. आमच्यापैकी दोघांनी नार्वेच्या फेरीतून दिवाडी बेटावर उतरल्यावर जोडे काढले आणि शेवटचा टप्पा तेवढा अनवाणी चालून नवस फेडला. आम्हांस ते फार उचित वाटले.

नाताळापूर्वी आम्ही मावशीस घेऊन बेळगावच्या बाजारात गेलो. मुद्दाम सायंकाळी गेलो, कारण दिवसभराच्या कामाने पाय किंचित सुजतो, आणि चालतानाही तो तसाच सुजावयाचा असतो. मोजे बरोबर नेले होते. दुकानदाराने प्रथम बायकांचे म्हणून जे बूट काढले ते सर्व पुढून निमुळते. मावशीचे पाय अनवाणी चालून पंख्यासारखे पसरलेले. तेव्हा आम्ही कागदावर तिचा पाय ठेवून कडेने पेन्सिल फिरविली, आणि बुटाचा सुकतळा बाहेर काढून त्या आकृतीवर ठेवून पाहिला. करंगळी सुकतळ्याबाहेर जात असेल, तर तो बूट तसाच परत करावा. “घाला हो, कातडं सैल होतं हळूहळू,” असे दुकानदार सांगू लागला. रुंदीस थोडे सैल होईलही. लांबी मात्र कधीच वाढत नाही. शेवटी पुरुषांच्या लहान मापांतून एक जोड मिळाला. त्याच्या नाड्या सोडून मावशीने पाय पुढे सरकविला, तेव्हा टाचेमागे आमचे एक बोट बेताने मावले. नाड्या बांधल्यावर टाच उचलत नव्हती आणि बोटे आत मोकळी हलत होती. बूट हातात घेऊन वाकविला तर चवड्यापाशी वाकला, मध्ये मोडला नाही. दुकानाच्या पायऱ्यांवरून तिला चार वेळा खाली उतरविले; बोटे टोकास लागली नाहीत. मुलांसाठी ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून दोन अंक मोठा बूट घेण्याची आपली रीत येथे कामाची नाही; सैल बुटात टाच वरखाली होते आणि फोड ठरलेला.

घरी आल्यावर मावशी ते बूट कपाटात ठेवावयास निघाली. यास आम्ही हरकत घेतली. नवा बूट दोन-तीन आठवडे शेतावर, गिरणीवर, प्रार्थनेस घालून पायाचा करून घ्यावा लागतो. शिवाय हल्लीच्या पुष्कळ बुटांच्या तळात पॉलियुरेथेन नावाचा फेसाळ थर असतो. हवेतील ओलाव्याने तो न वापरताही आतून कुजतो. पाच-सात वर्षे खोक्यात जपून ठेवलेला बूट वरून नवा दिसतो आणि वाटेत एकाएकी तळ सोडून देतो. भिजलेला बूट चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नये. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवावा. पवित्र अवशेषांचे दर्शन साधारण दहा वर्षांनी होते, म्हणजे पुढचे २०३४ च्या सुमारास. तोपर्यंत हा जोड राखून ठेवण्यात अर्थ नाही, हे मावशीस पटले. आता ती तोच घालून शेतावर जाते. मुलाचे जाड बूट मात्र दाराशी तसेच पडून आहेत. पावसाळा सरला की त्याला पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जावयाचे आहे, आणि त्या दगडांच्या वाटेस ते योग्यच आहेत.